तळाची उघडी कड: एका मोठ्या फर्निचर कंपनीतील निर्णयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईत मुख्यालय आणि राज्याबाहेर कारखाना असलेल्या एका मोठ्या फर्निचर कंपनीच्या डिझाइन विभागात मी काही वर्षे काम केले. पुढील प्रकरण त्या काळातले आहे. कंपनीचे, माणसांचे आणि कपाटाच्या मालिकेचे नाव मी दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तक्रारींची संख्या व किमती गाळल्या आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक बाजू मात्र जशी होती तशीच ठेवली आहे, कारण चूक त्या क्रमातच दडलेली होती.

डिझाइनचे शिक्षण घेऊन मी नोकरीला लागले तेव्हा कामाची माझी कल्पना कागद, लाकूड आणि नमुना एवढ्यापुरती होती. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच लक्षात आले की एक साधे कपाट दहा विभागांच्या हातांतून जाते. मार्केटिंग विभाग किंमत आणि रंग सांगतो, डिझाइन विभाग रूप आणि मापे ठरवतो, इंजिनिअरिंग विभाग प्रत्येक फळीचे ड्रॉइंग काढून भोकांच्या जागा निश्चित करतो, खरेदी विभाग बिजागऱ्या, कड्या आणि स्क्रू आणतो, कॉस्टिंग विभाग त्यातल्या प्रत्येक वस्तूचा पैशापैशाने हिशेब मांडतो. त्यानंतर उत्पादन, गुणवत्ता, गोदाम, बसवणी आणि सर्वांत शेवटी सेवा विभाग येतो. डिझायनर या साखळीच्या एका टोकाला असतो आणि ग्राहकाच्या घरी जाणारा फिटर दुसऱ्या टोकाला. दोघांनी एकमेकांना भेटावे असा प्रसंग कामाच्या रचनेत कुठेच येत नाही.

या नोकरीत समाधानही पुष्कळ होते. आपण ठरवलेली दाराची रुंदी किंवा हाताला लागणारी मुठीची गोलाई हजारो घरांत जाते, याचा आनंद मोठा असतो. पण ठरवताना मारलेली एक रेघही तितक्याच घरांत जाते, आणि ती चुकली असेल तर चूकही तितक्याच घरांत जाते. याची जाणीव मला या प्रकरणात झाली.

कपाटाची मूळ रचना

मालिका तीन दारांच्या कपाटांची होती. उंची २१०० मिमी, खोली ५८० मिमी, रुंदी साधारण साडेचार फूट. फळ्या १८ मिमी जाडीच्या, दोन्ही बाजूंनी तयार लॅमिनेट असलेल्या पार्टिकल बोर्डच्या. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे गोंदात दाबून केलेली फळी. तिच्या दोन्ही तोंडांवर लॅमिनेट असल्याने तिकडून पाणी सहसा शिरत नाही, पण कापलेली कड उघडी राहिली तर ती पाणी ओढून घेते आणि फुगते. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळल्यावरही मूळ जाडीवर परत येत नाही. म्हणून कडेवर पीव्हीसीची पातळ पट्टी गरम गोंदाने चिकटवतात, तिला सगळे जण एज बँड म्हणतात. मशिनवर प्रत्येक कडेसाठी फळी एकदा फिरवावी लागते, त्यामुळे जी कड दिसत नाही आणि उघड्यावर येत नाही ती तशीच सोडण्याची रीत या उद्योगात सर्वत्र आहे. तीत गैर काही नाही.

मूळ रचनेत कपाट १०० मिमी उंचीच्या प्लॅस्टिकच्या पायांवर उभे होते. पाय फिरवून उंची कमीजास्त करता येत असे आणि पुढून पाय झाकणारी स्कर्टिंगची पट्टी लागत असे. तळाची फळी पायांवर, आणि दोन्ही बाजूंच्या १९८२ मिमी लांबीच्या फळ्या त्या तळाच्या फळीवर. बाजूच्या फळीची खालची कड अशा रीतीने दोन फळ्यांच्या सांध्यात पूर्ण झाकली जात होती. ड्रॉइंगवर त्या कडेपुढे ‘एज बँड नाही’ अशी खूण होती. ती खूण माझ्याच मान्यतेने झाली होती आणि त्या रचनेपुरती ती अगदी बरोबर होती.

बदल कसा झाला

टाळेबंदीनंतरच्या काळात बोर्ड, फिटिंग आणि वाहतूक यांचे दर चढले होते आणि विक्रीची किंमत मात्र वाढवायची नव्हती. प्रत्येक मालिकेचा खर्च कमी करण्यासाठी बैठका सुरू झाल्या. आमच्या कपाटाबाबत पहिल्या बैठकीत पाय काढण्याचे ठरले. सहा पाय, त्यांचे स्क्रू, स्कर्टिंग आणि तिच्या क्लिपा असे सारे मिळून वाचणारी रक्कम कपाटाच्या किमतीपुढे किरकोळ होती, पण संपूर्ण मालिकेच्या वर्षभराच्या संख्येने गुणल्यावर ती पडद्यावर मोठी दिसली. बाजूच्या फळ्या थेट जमिनीपर्यंत न्यायच्या, तळाची फळी त्यांच्यामध्ये बसवायची आणि खाली ठोकून बसवायचे छोटे प्लॅस्टिकचे बुश लावायचे, असा प्रस्ताव होता.

हा प्रस्ताव केवळ काटकसरीचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बाजू जमिनीवर टेकली की कपाटाचे वजन सांध्यांवर न येता सरळ जमिनीत उतरते, रचना जास्त ताठ होते आणि पाय वाकण्या-तुटण्याचा प्रश्न उरत नाही. त्या वेळी फर्निचर उलटण्याचा विषय आमच्या सर्वांच्या मनात होता. २०१६ मध्ये अमेरिकेत एका जगप्रसिद्ध कंपनीने मुलांवर उलटण्याच्या धोक्यामुळे खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली होती, आणि तेव्हापासून आमच्या उद्योगात स्थैर्याचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाऊ लागला होता. जमिनीला टेकलेली बाजू म्हणजे अधिक स्थिर कपाट, हा मुद्दा बैठकीत सर्वांना पटला. मलाही पटला.

त्यानंतर इंजिनिअरिंग विभागाने बाजूच्या फळीच्या जुन्या ड्रॉइंगची प्रत काढली आणि तिची लांबी १९८२ वरून २१०० मिमी केली. भोकांच्या जागा बदलल्या. कडांच्या खुणा मात्र जुन्याच राहिल्या. खालच्या कडेपुढची ‘एज बँड नाही’ ही खूण नव्या ड्रॉइंगवर तशीच आली. जी कड आधी सांध्यात बंद होती ती आता प्रत्येक घराच्या लादीवर, बुशच्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीवर उघडी उभी राहणार होती. बदलाच्या कागदावर, म्हणजे आमच्या भाषेत चेंज नोटवर, माझी सही आहे. मी लांबी तपासली, तळाच्या फळीची जागा तपासली, दारे जमिनीला घासणार नाहीत हे पाहिले. कडेची खूण मी पाहिली नाही, कारण त्या चेंज नोटमध्ये तो बदल म्हणून नोंदलेलाच नव्हता. जे बदलले नाही ते तपासण्याची सवय आम्हा कोणालाच नव्हती.

एक गोष्ट येथे विशेष सांगावी लागेल. नव्या रचनेचा नमुना मुंबईच्या कार्यशाळेत तयार झाला आणि तो सर्व विभागांनी पाहून मंजूर केला. तो नमुना कार्यशाळेतल्या ज्येष्ठ सुतारकाकांनी हाताने केला होता आणि त्यांनी बाजूच्या फळीच्या चारही कडांना पट्टी लावली होती. पुढे हे उघडकीला आले तेव्हा मी त्यांना विचारले, “काका, ड्रॉइंगमध्ये खालच्या कडेला पट्टी नव्हती, तरी तुम्ही लावलीत?” ते म्हणाले, “अहो ताई, फळी उघडी सोडायला हात धजत नाही. ड्रॉइंग बघायची गरजच काय त्याला?” चाळीस वर्षांच्या हाताने आपोआप केलेल्या त्या चांगल्या कामामुळे आमच्यासमोर आलेले कपाट आणि कारखान्यात होणारे कपाट ही दोन वेगळी कपाटे होती, आणि मंजुरी आम्ही पहिल्याला दिली होती.

समस्या समोर आली

कपाटे दिवाळीपासून विकली गेली. हिवाळा आणि उन्हाळा शांततेत गेला. पावसाळ्यात किनारपट्टीवरून आणि तळमजल्यावरच्या घरांतून तक्रारी येऊ लागल्या: बाजूच्या फळ्या तळाशी फुगत आहेत, लॅमिनेट सुटत आहे, दारे खाली अडकत आहेत. या तक्रारी डिझाइन विभागात आल्याच नाहीत. सेवा विभागाच्या संगणकात तक्रारीचे कारण निवडण्यासाठी एक यादी होती आणि पाण्याने झालेल्या नुकसानीसाठी त्या यादीत एकच नोंद होती, ‘ग्राहकाकडून पाण्याचा गैरवापर’. ती निवडली की तक्रार वॉरंटीच्या बाहेर जात असे आणि बंद होत असे. सेवा विभागातील माणसे यात मुद्दाम काही लपवत नव्हती. त्यांच्यासमोर असलेल्या यादीत फळीच्या रचनेला दोष देण्याची सोयच नव्हती.

मला हे कळले ते योगायोगाने. पनवेलच्या दुकानात नव्या मालिकेची मांडणी पाहायला गेले असताना तेथे काम करणाऱ्या एका फिटरने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फळीचा हातभर तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. आठवडाभर तो तुकडा त्याने बॅगेत बाळगला होता, ऑफिसातले कोणी आले तर दाखवावा म्हणून. मी व्हर्निअरने जाडी मोजली. वरच्या टोकाला १८ मिमी, खालच्या टोकाला २३ मिमीच्या वर. खालची कड बोटाने दाबली तर भिजलेल्या खारीसारखी दबत होती आणि चिमटीत रव्यासारखे कण येत होते. लॅमिनेटचा कागद कडेपासून दोन बोटे वर सुटून पुढे वळला होता. फिटर म्हणाला, “मॅडम, खालून पट्टीच नाही हिला. आम्ही रोज बघतो. सांगायचं कुणाला?”

त्याच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कंपनीच्या रचनेत फिटरने डिझायनरला काही सांगण्याची वाटच नव्हती.

रत्नागिरीतील एक घर

पुढच्याच आठवड्यात मी वरिष्ठांची परवानगी घेऊन त्या फिटरसोबत रत्नागिरीला गेले. ग्राहकाचे घर जुन्या वाडीतले, तळमजल्यावरचे, लाल कोब्याच्या जागी अलीकडेच लाद्या बसवलेले. बाहेर संततधार होती. गृहिणी पन्नाशीच्या होत्या. त्यांची तक्रार दोनदा बंद झाली होती आणि दुसऱ्या वेळी त्यांना आलेल्या निरोपात कारण म्हणून गैरवापर लिहिले होते. त्या रागावलेल्या नव्हत्या, पण त्या शब्दाने दुखावलेल्या होत्या. मला बसायला खुर्ची देऊन त्या म्हणाल्या, “लादी रोज पुसायची नाही का मग? घर पुसणं म्हणजे पाण्याचा गैरवापर कसा हो?”

मग त्यांनी रोजचे काम करून दाखवले. बादलीत पाणी, त्यात फिनेल, ओले फडके पिळून लादीवर, कपाटाच्या बाजूने फिरवताना फडके तळाला लागते आणि कडेशी पाण्याची बारीक रेघ राहते. पावसाळ्यात ती रेघ तासभर वाळत नाही. मी गुडघ्यांवर बसून पाहिले तेव्हा फळी आणि लादी यांच्यामधल्या फटीत पाणी अडकून राहिलेले दिसले, आणि फळीची उघडी कड थेट त्या पाण्याच्या वर होती. त्याच खोलीत जुने लोखंडी कपाट होते, वीतभर उंच स्टँडवर ठेवलेले. त्याच्याखालून फडके सहज आरपार जात होते. आपल्याकडे कपाटाला पाय का असतात हे मला तेथे उमगले. लादी पाण्याने पुसणाऱ्या घरात कपाटाचा पाय ही गरज असते, आणि आम्ही तो शोभेचा भाग समजून खर्चाच्या तक्त्यातून काढून टाकला होता.

आमच्या चाचण्यांच्या यादीत दारे हजारो वेळा उघडण्याची चाचणी होती, कप्प्यांवर वजन ठेवण्याची होती, स्थैर्याची होती. बोर्डसाठी पाण्यात बुडवून जाडीतली वाढ मोजण्याची चाचणीही पुरवठादाराकडून होत होती. रोज सकाळी फिरणारे ओले फडके मात्र कोणत्याच यादीत नव्हते.

पर्यायांचा विचार

परत आल्यावर मी आणि कार्यशाळेतले काका यांनी मिळून एक साधी चाचणी उभी केली. लाद्यांच्या तुकड्यांवर वेगवेगळ्या कडांच्या फळ्या उभ्या केल्या आणि दिवसातून दोनदा त्यांच्याभोवती ओले फडके फिरवले. हे सहा आठवडे चालले. अहवालात जोडण्यासाठी दर शनिवारी जाडी मोजून वहीत लिहिली.

उघडी कड पहिल्याच आठवड्यात फुगू लागली. साध्या गरम गोंदाने पट्टी लावलेली कड टिकली, आणि बैठकीत आधी सर्वांना हाच उपाय सोपा वाटत होता: ड्रॉइंगवरची खूण बदलायची आणि पट्टी लावायची. पण काकांनी मला थांबवले. “ताई, कपाट उभं करताना त्याचा सगळा भार कुठल्या कोपऱ्यावर येतो ते आधी बघा,” असे म्हणून त्यांनी दोन मदतनिसांकडून एक कपाट उभे करवून दाखवले. सुटे येणारे कपाट जमिनीवर आडवे ठेवून जोडतात आणि मग वर उचलून उभे करतात. उभे होताना संपूर्ण कपाट मागच्या खालच्या कडेवर फिरते आणि काही क्षण सारा भार त्याच कडेवर असतो. त्या क्षणी पट्टीचा कोपरा दुमडून सुटला. सुटलेल्या जागेतून पाणी शिरलेली फळी पुढच्या आठवड्यात पट्टी नसलेल्या फळीसारखीच फुगली. पाण्याने न सुटणाऱ्या पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंदाची पट्टीही लावून पाहिली. तिची पकड चांगली होती, पण कोपऱ्यावर मार बसल्यावर तीही तुटली, आणि त्या गोंदासाठी मशिनवर वेगळी यंत्रणा लागणार होती.

दुसरा पर्याय बोर्ड बदलण्याचा होता. पाण्याला जास्त टिकणारा दाट बोर्ड किंवा बाहेरच्या वापराचे प्लायवूड फक्त बाजूच्या फळ्यांना वापरायचे. पण त्याच रंगाचे आणि त्याच पोताचे लॅमिनेट दोन वेगळ्या बोर्डांवर जुळवणे कठीण होते, फळीचे वजन वाढत होते आणि किंमत तर वाढतच होती. हा पर्याय लवकर मागे पडला. तिसरा पर्याय फळीच्या तळाला यू आकाराची प्लॅस्टिकची पट्टी बुटासारखी चढवण्याचा होता. चाचणीत ती उत्तम टिकली, पण एका अटीवर: दोन्ही टोके सिलिकॉनने नीट बंद केली तरच. टोक उघडे राहिले तर पाणी आत शिरून अडकते आणि फळी उघड्या कडेपेक्षाही वाईट फुगते. चौथा पर्याय पाय परत आणण्याचा होता. पायांवरची फळी सहा आठवड्यांनंतर पहिल्या दिवसासारखीच होती.

पाचवा पर्याय कोणी मोठ्याने मांडला नाही, पण तो टेबलावर होता: काहीच बदलायचे नाही, वापराच्या पत्रकात ‘फर्निचरजवळ पाणी वापरू नये’ असे ठळक छापायचे आणि तक्रारी आहेत तशाच बंद करत राहायचे. त्याचा आर्थिक हिशेब कागदावर सर्वांत स्वस्त होता. त्याला विरोध करण्यासाठी मी रत्नागिरीच्या बाईंचे वाक्य जसेच्या तसे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिले.

निर्णय

निर्णयाची बैठक लांबली. पाय परत आणण्याला उत्पादन विभागाचा आक्षेप रास्त होता. बाजू जमिनीवरून उचलली की भार पुन्हा तळाच्या फळीवर येणार, साडेचार फुटी कपाटात मधोमध जादा पाय लागणार, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम पुन्हा करावे लागणार, खोक्यांची मापे बदलणार आणि कापून ठेवलेल्या फळ्यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहणार. दोन तास चर्चा याच मुद्द्यांवर फिरत राहिली.

कलाटणी मिळाली ती एका हिशेबामुळे. सेवा विभागातील एका सहकाऱ्याने फिटरच्या एका फेरीचा खर्च सांगितला: प्रवास, दिवसाची मजुरी, नवी फळी, तिची वाहतूक. पाय काढून एका कपाटामागे जे वाचले होते त्याच्या कितीतरी पट हा खर्च होता. हा आकडा नवा नव्हता. तो सेवा विभागाच्या हिशेबात कधीपासून होता, आणि बचत कॉस्टिंगच्या हिशेबात होती. दोन्ही आकडे एका पानावर आणण्याचे काम कोणाचेच नव्हते, म्हणून ते तोपर्यंत एका पानावर आले नव्हते. हे पान पाहिल्यावर कॉस्टिंगच्या प्रमुखांनीच पाय परत आणण्याला पाठिंबा दिला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

केलेली कार्यवाही

पुढच्या उत्पादनासाठी पायांची रचना परत आणली गेली, मधोमध जादा पाय देऊन. कापून ठेवलेल्या आणि गोदामात असलेल्या मालासाठी यू पट्टीचा उपाय स्वीकारला गेला. ती पट्टी कारखान्यातच चढवून टोके तेथेच बंद करायची असे ठरले, कारण बसवणीच्या घाईत सिलिकॉन नीट लागेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. ज्या घरांत कपाट आधीच बसले होते आणि तक्रार उघडी होती तेथे फिटर पाठवून फळी बदलून पट्टी लावण्यात आली. पनवेलच्या त्या फिटरनेच इतरांना पट्टी लावण्याची पद्धत शिकवली. कपाट किंचित कलते करून आधी मागचे टोक बंद करायचे, मग पुढचे, आणि सिलिकॉन वाळेपर्यंत लादी ओली होऊ द्यायची नाही, ही त्याने घालून दिलेली रीत होती.

सेवा विभागाच्या यादीत ‘तळाच्या कडेतून पाणी शिरले’ अशी वेगळी नोंद आली आणि ती निवडली की डिझाइन विभागाला निरोप जाईल अशी व्यवस्था झाली. ‘गैरवापर’ हा शब्द यादीतून काढावा अशी माझी मागणी होती. तो राहिला, पण तो निवडताना फोटो जोडणे सक्तीचे झाले.

परिणाम

पायांच्या रचनेतल्या कपाटांबाबत पुढच्या पावसाळ्यात तळ फुगल्याची तक्रार माझ्यापर्यंत आली नाही. यू पट्टीच्या कपाटांतून थोड्या आल्या, आणि त्यांपैकी ज्या मी स्वतः पाहिल्या त्यांत एका टोकाचे सिलिकॉन सुटलेले होते. म्हणजे तो उपाय तात्पुरताच होता हे सिद्ध झाले. रत्नागिरीच्या घरात दोन्ही बाजूंच्या फळ्या बदलल्या गेल्या. फिटरने पाठवलेल्या फोटोत त्या बाईंनी कपाटाखाली लाकडाच्या दोन पट्ट्याही सरकवलेल्या दिसत होत्या. आमच्या उपायावर पूर्ण विसंबून राहायला त्या तयार नव्हत्या, आणि ते योग्यच होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि साठवणुकीच्या फर्निचरसाठी आयएस १७६३४ हे भारतीय मानक त्याच्या कक्षेत आले. अशा आदेशांमुळे ताकद, टिकाऊपणा आणि स्थैर्य यांच्या चाचण्यांना कायद्याचे बळ मिळते, याचे मी मनापासून स्वागत करते. आमच्या कपाटाने मात्र ताकदीच्या आणि स्थैर्याच्या सर्व चाचण्या तेव्हाही उत्तम रीतीने पार केल्या होत्या.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णयबिंदू चेंज नोटचा होता. पाय काढताना ‘पाय होते म्हणून आपण आधी काय काय गृहीत धरले होते’ हा एक प्रश्न विचारला असता तर खालच्या कडेची खूण पाच मिनिटांत समोर आली असती. पुढे आम्ही चेंज नोटमध्ये त्यासाठी एक ओळ वाढवली: या बदलामुळे आधीचा कोणता निर्णय पुन्हा तपासावा लागेल? ती ओळ भरणे कंटाळवाणे आहे आणि घाईत तेथे ‘लागू नाही’ असे लिहिले जाते, हेही मी पाहिले. म्हणून त्या ओळीपुढे सही करणारा माणूस बदल सुचवणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, असे माझे मत आहे.

दुसरा बिंदू नमुन्याचा. मंजुरीसाठी हाताने केलेला नमुना चालणार नाही, कारखान्यातल्या मशिनवरून उतरलेल्या पहिल्या फळ्यांचे कपाट मुंबईत आणून जोडावे आणि मग मंजुरी द्यावी, हा आग्रह मी धरायला हवा होता. त्याला दोन आठवडे जास्त लागले असते. काकांचा हात चांगला आहे हे आम्हा सर्वांना माहीत होते, आणि त्या चांगुलपणामुळे नमुना खऱ्या मालापेक्षा वेगळा होऊ शकतो, हा विचार मात्र आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नाही.

तिसरा बिंदू मला अजून टोचतो. पहिल्या पावसाळ्यात तक्रारी येत होत्या तेव्हा मी त्याच इमारतीत, सेवा विभागाच्या दोन मजले वर बसत होते. आठवड्यातून एकदा खाली जाऊन आलेल्या तक्रारी वाचायला मला कोणाची परवानगी लागली नसती. ते माझ्या कामात लिहिलेले नव्हते, एवढेच. पुढे मी नव्या डिझायनरांसाठी वर्षातून निदान चार दिवस फिटरसोबत ग्राहकांच्या घरी जाण्याचा प्रस्ताव दिला. तो मान्य झाला आणि मी कंपनी सोडेपर्यंत तो चालू होता.

एक गोष्ट मात्र झाली नाही. ज्या ग्राहकांनी एकदाच तक्रार केली, ‘गैरवापर’ असे उत्तर मिळाल्यावर गप्प बसले आणि पुन्हा फोन केला नाही, त्यांच्या बंद तक्रारी पुन्हा उघडून त्यांना कंपनीने स्वतः फोन करावा, अशी लेखी मागणी मी केली होती. यादी तयार होती, नावे आणि पत्ते सेवा विभागाच्या संगणकात होते. मागणीवर ‘विचाराधीन’ असा शेरा होता. मी नोकरी सोडली त्या दिवशी तो शेरा तसाच होता.